डिकॉक्शनची अमावास्या

पोंगल होऊन चार दिवस झाले. जिन्याखाली उसाची चिपाडं अजून पडली आहेत, आणि दारापुढच्या मोठ्या रांगोळ्यांचे रंग येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांना लागून थेट रस्त्यापर्यंत पोचले आहेत. मार्गळी महिनाभर पहाटे देवळाच्या कर्ण्यावरून येणारी भजनं थांबली, आता जरा साखरझोप मिळेल असं वाटावं, तर बोके सुरू झाले. बोक्याचं हे ओरडणं ज्याने ऐकलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. सूर चढत चढत जातो, मध्येच तुटतो, आणि कुठल्यातरी गच्चीवरून तितक्याच तक्रारीच्या स्वरात उत्तर येतं. इथे राहायला आले त्या वर्षी मी कुणाचं तान्हं रडतंय म्हणून गॅलरीत धावले होते. आता धावत नाही. पडल्या पडल्या म्हणते, तमिळ पंचांगातला तै महिना लागला.

एक मात्र आहे. हे ओरडणारे आमच्या आवारातले नव्हेत, मागच्या गल्लीतले पाहुणे आहेत. आमच्या बोक्यांनी गाणं कधीच सोडून दिलं. ते आता दुचाक्यांच्या सीटवर पसरून ऊन खातात आणि पाहुण्यांच्या तानांकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसतं. शस्त्रक्रिया झाली आहे, पुन्हा धरू नका, एवढाच त्या कापलेल्या कानाचा अर्थ. नव्या माणसाला ते पाहून वाईट वाटतं. मला तो कान दिसला की छातीवरचं ओझं उतरतं.

मी मूळची सांगलीची. बँकेच्या बदलीने चेन्नईला आले आणि निवृत्त होऊन इथे तांबरम उपनगरातच राहिले. मांजरांची आवड म्हणाल तर लहानपणी अजिबात नव्हती. आमच्याकडे मांजर म्हणजे दुधाचा शत्रू. हे खूळ डोक्यात घातलं जेनिफरने. ती आमच्या मागच्या गल्लीत राहते, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर आहे, आणि शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून उतरली की घरी जायच्या आधी गल्लीतली मांजरं डोळ्यांनी मोजून घेते. आमच्या गटाला साधं नावसुद्धा नाही. वेगवेगळ्या गल्ल्यांतली आठ-दहा माणसं, काही पिंजरे, एक रिक्षावाला जो मांजर नेताना जास्त पैसे मागत नाही, आणि एक दवाखाना, जो मधूनमधून एखादा दिवस आम्हाला देतो. कामाची वाटणी सोपी आहे. मांजरं पकडायची जेनिफरने, माणसं पकडायची मी.

माझं काम जास्त अवघड आहे, असं मी तिला नेहमी सांगते. मांजर पिंजऱ्यात शिरतं, कारण त्याला भूक लागलेली असते. माणसाला काय लागलंय हे आधी शोधावं लागतं. एकाला मांजराने गाडीवर उमटवलेल्या पावलांचा राग असतो, दुसऱ्याला घाणीचा, तिसऱ्याला शेजारणीचा असतो आणि तो मांजरावर निघतो. जे प्रेमाने खायला घालतात ते तर सगळ्यात कठीण. ताटली ठेवून निघून जातात, ती उचलत नाहीत, आणि ‘ऑपरेशन’ म्हटलं की डोळ्यांत पाणी आणतात. त्यांना सांगायचं की बाई, एक वेळ ठरवा, एक जागा ठरवा, खाऊन झालं की ताटली उचला, मग मांजरंही वेळेवर येतील आणि शेजारीही गप्प बसतील. हे गोड आवाजात सांगायला मी शिकले. बँकेच्या काउंटरवर काढलेली वर्षं अशी कामाला आली.

सरोजाबाई ह्या प्रेमाने खायला घालणाऱ्यांतल्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. घराणं तंजावरच्या जुन्या मराठी वस्तीतलं. त्यांचं मराठी ऐकलं आणि पहिल्या दिवशी मी जिन्यातच बसले. आमच्याकडे फक्त जुन्या पोथ्यांत उरलेले शब्द ही बाई भाजीवाल्याला पैसे देता देता बोलत होती, आणि सूर मात्र अस्सल तमिळ. त्यांना माझं मराठी घाईचं वाटतं. “तू बोलत्येस ते सुंदर, पण बस सुटल्यासारखं का बोलत्येस मा?” असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं.

रोज जेवायच्या आधी सरोजाबाई पहिला घास घेऊन गच्चीवर जातात. दहीभात, वर एखादा वड्याचा नाहीतर अप्पळाचा, म्हणजे पापडाचा, तुकडा. कठड्यावर ठेवतात आणि हाक मारतात, “का... का... का...” इथे घरोघरी हे चालतं, त्यात नवल नाही. कावळा येतो, भात उचलतो, मग घरची माणसं पानावर बसतात. सरोजाबाईंच्या घरात पानावर बसायला दुसरं कोणी नाही. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशी असतो. मी एकदा भाबडेपणाने विचारलं, यजमान कावळ्याच्या रूपाने येतात असं तुम्हाला वाटतं का? त्या हसल्या. “ते कावळे झाले म्हणून मज वाटत नाही. इंजिनियर मनुष्य ते, कावळा होतील काय? पण जेवायास कोणास तरी बोलवायास हवं ना, नीला?”

त्या हाकेला कावळा तर येतच असे, पण त्याच्यामागून पाण्याच्या टाकीआडून आणखी कोणीतरी येई. काळपट तपकिरी अंग, छातीवर दुधाचा एक ओघळ. फिल्टर कॉफीच्या काळ्या अर्कावरून जेनिफरने तिचं नाव डिकॉक्शन ठेवलं होतं. कॉफीच्या गावात याहून चांगलं नाव सुचणं कठीण. आवारातल्या सगळ्या मांजरांचे कान कापून झाले, तरी ही एक राहिली होती. आणि मादी एक राहिली तरी सगळं मुसळ केरात. कारण तै महिन्यात बोके गाऊन जातात, आणि चित्तिरैच्या उन्हाळ्यात, जेव्हा सिमेंटवर पाय ठेववत नाही, तेव्हा पंपाच्या मोटारखोलीच्या मागून पिल्लांचा आवाज येतो.

मला आठवतो तो गेल्या वर्षीचा तै. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी असोसिएशनचे सेक्रेटरी रामनाथन सर माझ्या दारात उभे. हवाई दलातून निवृत्त झालेले, बूट कायम चकचकीत. बरीच वर्षं उत्तरेत काढलेली, त्यामुळे माझ्याशी हट्टाने हिंदीत बोलतात. “मॅडम, इस बार अगर बच्चे दिखे, तो मैं वॅन बुलाऊँगा. सब बिल्लियाँ जाएँगी.” व्हॅन म्हणजे काय ते मला माहीत होतं. सगळ्यांना पोत्यात भरून बायपासच्या पलीकडे तळ्याकाठी सोडून देतात. तिथे त्यांना ना अन्न ठाऊक ना आडोसा. आणि इथे मोकळ्या झालेल्या जागेत महिन्याभरात दुसरी, कान न कापलेली मांजरं येऊन राहतात. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग हिंदीचा सगळा रुबाब गळून पडला आणि तमिळमध्ये हळूच म्हणाले, “मागच्या उन्हाळ्यात मोटारखोलीमागे मेलेली पिल्लं सापडली, ती मी पुरली. कढीपत्त्याच्या झाडाखाली. माझ्या हातांनी. मला ते परत करायचं नाही.”

तोपर्यंत मी त्यांना मांजरांचा वैरी समजत होते. त्या दिवसापासून तसं म्हणवेना. पण त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता. डिकॉक्शन धरली गेली नाही, तर सगळीच जाणार होती.

दवाखान्याने दिवस दिला. जेनिफरने सुट्टी टाकली. पिंजरा लावायचा तर आदल्या दिवशीपासून खाणं बंद ठेवावं लागतं, उपाशी मांजरच आमिषाला भुलतं. मी दारोदार फिरून सगळ्यांना सांगितलं. सरोजाबाईंना सांगताना माझी जीभ जरा अडखळली, पण म्हटलं, एकच दिवस. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी सटकले. सकाळी जेनिफर पिंजरे घेऊन आली. सोबत तारल्या, आमिषाची मासळी. त्या वासाने खालच्या मजल्यावरची दोन घरं नाक मुरडून बसली. आम्ही गच्चीवर पिंजरा लावला, पाणीटाकीच्या मागे बसलो, आणि हळूहळू लक्षात आलं की गच्चीवर आम्ही एकट्या नाही.

एकेक जण येत होता. कोणी केळीचं पान, कोणी पितळी ताटली. भात, सांबार, वडा, पायसम, कुणाकडे कच्च्या केळ्याची भाजी, गुळाचे गोड अधिरसम. कठड्यावर रांग लागली. आमच्याच नव्हे, शेजारच्या, त्याच्या शेजारच्या, नजर जाईल तिथवरच्या गच्च्यांवर माणसं उभी होती आणि सगळ्या तांबरमभर “का... का...” चाललं होतं. आकाश कावळ्यांनी भरलं. सगळ्यात शेवटी सरोजाबाई आल्या. जरीकाठी नेसलेल्या, हातात भरलेलं पान. आम्हाला टाकीमागे दबून बसलेलं पाहून त्या थबकल्या. “हेंच तर मी सांगणार होत्यें. आज तै अमावास्या, मा. अस्क्यांचे, घरोघरचे, वाडवडील आज जेवायास येतात. आज उपास कोण ठेवील?”

तारखेवर काम करणारी माणसं आम्ही. दवाखान्याचा मोकळा दिवस, कारखान्याची शिफ्ट, रिक्षाची वेळ, सगळं जुळवलं होतं. पंचांग बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. वर्षातली सगळ्यात मोठी जेवणावळ असते त्या दिवशी आम्ही मांजरांना उपाशी ठेवायला निघालो होतो! डिकॉक्शन आमच्या डोळ्यांदेखत चार वाडवडिलांचा प्रसाद खाऊन टाकीच्या सावलीत आडवी झाली. पिंजऱ्यात शिरला तो फक्त एक लठ्ठ बोका, कान कापलेला. त्याने तारली खाल्ली आणि तिथेच अंग चाटत बसला. जेनिफर आधी रडवेली झाली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या हसण्यातून पुढचा विचार निघाला. कारखान्यात काय करतात, ते ती सांगायला लागली. माल बिघडला की कामगारावर ओरडून उपयोग नसतो, चूक कुठून आत येते ते बघायचं, आणि ती वाट बदलायची. मला ते पटलं. आमचं काम म्हणजे मांजरांवर दया करणं, असं लोकांना वाटतं. दया सगळ्यांकडेच असते हो. रामनाथन सरांकडेसुद्धा होती, ती त्यांनी कढीपत्त्याखाली पुरून ठेवली होती. कमी पडते ती वेळेची, ठिकाणाची, एकमेकांना सांगण्याची सवय. किती संस्था मी पाहिल्या, मोठ्या मनाच्या माणसांनी काढलेल्या! दोन वर्षांत खोल्या मांजरांनी भरतात, माणसं थकतात, भांडतात, दार बंद होतं. जेनिफर एकही मांजर घरी ठेवत नाही. कोणी आणून दिलं तर स्वच्छ नाही म्हणते. कठोर आहे असं लोक म्हणतात. त्या नकारामुळेच ती अजून टिकून आहे.

दवाखान्याने पुढच्या आठवड्यातला दिवस दिला. या वेळी मी आधी सरोजाबाईंकडून तिथी विचारून घेतली. मग जेनिफर त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आदल्या दिवशी भात ठेवू नका, असं ती सांगेल ही माझी अपेक्षा. मी मनात शब्द जुळवून ठेवले होते. ती म्हणाली, “अम्मा, तुम्ही बंद करू नका. कावळ्याला रोजच्यासारखं घाला, तो खाईपर्यंत तिथे उभ्या राहा. उरलेलं मात्र उचलून खाली आणा, म्हणजे ती उपाशी राहील. आणि दुसऱ्या दिवशी उरलेला भात पिंजऱ्यात ठेवा. ती माझ्या तारलीला येणार नाही. तुमच्या हाकेला येईल.”

सरोजाबाईंनी डब्यातले चकल्यांसारखे मुरुक्कू आमच्यापुढे सरकवले. मग मला मराठीत म्हणाल्या, जेनिफरला कळू नये म्हणून असेल, “जेवायास बोलवून कोणी धरतात काय, नीला?”

मी एवढंच म्हटलं, तुम्ही नाही बोलावलं तर व्हॅन बोलावतील.

त्या सकाळी गच्चीवर नुसतं मऊ ऊन होतं. सरोजाबाईंनी आधी कठड्यावर घास ठेवला. हाक मारली. कावळा आला, मान तिरकी करून बघितली, खाऊन उडाला. मग त्यांनी उरलेला भात पिंजऱ्याच्या टोकाला पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि पुन्हा हाक मारली. दुसऱ्यांदा. एवढ्या वर्षांत एका दिवशी त्यांनी दोनदा कधी बोलावलं नसेल. आवाज फाटला. टाकीआडून डिकॉक्शन निघाली, पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबली, आणि सरोजाबाईंच्या तोंडाकडे बघितलं. मी शपथेवर सांगते, बघितलं. मग सरळ आत गेली. दार पडलं. जेनिफरने चटकन वर जुनी चादर टाकली, अंधार झाला की मांजर शांत होतं म्हणून. चादरीखालून आवाजसुद्धा आला नाही. सरोजाबाई मात्र खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. दोन दिवसांनी आम्ही तिला त्याच गच्चीवर, त्याच टाकीपाशी सोडलं. जिथून उचललं तिथेच सोडायचं, हा आमचा पहिला नियम. ती पिंजऱ्यातून सुटली ती बाणासारखी, मागे वळून न बघता. दुसऱ्या दिवशी सरोजाबाईंनी हाक मारली. कावळा आला. डिकॉक्शन नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती आवारातच होती. जेनिफरच्या ठरलेल्या जागी सकाळी येऊन खात होती, जखम भरत होती, हे मी रोज वर जाऊन सांगत होते. “बरं,” त्या म्हणत. जेवण मात्र कमी झालं होतं. एकदा मी गेले तर पान तसंच झाकलेलं. “माझा शब्द खोटा झाला, मा,” म्हणाल्या, “आता तिला ‘ये’ म्हणायास मज तोंड नाही.” मला आयुष्यात पहिल्यांदा या कामाचा राग आला. आवार वाचलं होतं, मांजरं वाचली होती, आणि ज्या बाईमुळे वाचली तिच्या ताटातला घास गेला होता.

तैनंतरच्या मासी महिन्याच्या अमावास्येला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गच्चीवर गेले. हाक मारताना त्यांचा आवाज इतका लहान होता की कावळ्यालाच कसा ऐकू गेला कोण जाणे. कावळा खाऊन गेला. आम्ही वळलो, तोच टाकीवर, अगदी वरच्या झाकणावर, दुधाचा ओघळ दिसला. खाली आली नाही. नुसती बसली. सरोजाबाईंनी वड्याचा तुकडा जमिनीवर ठेवला आणि मला हाताला धरून जिन्यात ओढलं. फटीतून आम्ही दोघी बघत राहिलो. दोन म्हाताऱ्या, एका फटीला डोळे लावून. ती उतरली, तुकडा हुंगला, उचलून वर घेऊन गेली. त्या दिवशी सरोजाबाईंनी मला आग्रह करकरून जेवायला घातलं आणि स्वतःही दोनदा भात वाढून घेतला.

चित्तिरै आला, कत्तिरीचं, ऐन मे महिन्यातलं, ऊन तापलं. मी रोज मोटारखोलीमागे कान देऊन जात असे. तिथे पंपाच्या घरघरीशिवाय काही नव्हतं. एका संध्याकाळी रामनाथन सर कढीपत्त्याला पाणी घालत होते. मला बघून म्हणाले, “मॅडम, इस साल खड्डा नहीं खोदा.” एवढंच, आणि पाइप दुसऱ्या कुंडीकडे वळवला. झाडाला भरपूर पालवी फुटली होती.

आता पुन्हा तै. पाहुणे बोके गातायत, म्हणजे मागच्या गल्लीत काम आहे. जेनिफर काल बसमधून उतरली आणि दवाखान्याच्या तारखा हातात घेऊन, घरी न जाता, आधी सरोजाबाईंच्या दारी गेली. आता तारीख त्या ठरवतात. अमावास्या, पौर्णिमा, एकादशी, कुणाच्या घरी श्राद्ध, कुठल्या देवळात अन्नदान, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. मोठ्या शाळेतल्या बाईसारख्या त्या दिवस रद्द करतात आणि जेनिफर मान डोलावते. रामनाथन सरांनी जिन्यात पाटी लावली आहे: खाणं अमुक वेळेला, अमुक जागी. अक्षर हवाई दलाचं, एकाखाली एक सरळ.

आज तै अमावास्या. सकाळपासून घराघरातून वडे तळल्याचा वास येतोय. मी गच्चीवर आले तेव्हा सगळ्या कठड्यांवर पानं मांडून झाली होती आणि तांबरमभर कावळ्यांच्या नावाने हाका चालल्या होत्या. सरोजाबाईंनी पान ठेवलं. तोंड उघडायच्या आधीच डिकॉक्शन टाकीवरून उतरली, कठड्यावर चढली, आणि त्यांच्या कोपराला पाठ घासून पानाकडे वाकली. कापलेला कान उन्हात तांबूस दिसत होता.

सरोजाबाईंनी दोन बोटं तिच्या कपाळावर ठेवली.

“थांब मा,” म्हणाल्या, “आधी त्यांस जेवूं दे.”

मग त्यांनी हाक मारली, मोठ्याने, पूर्वीसारखी. डिकॉक्शन शेपूट पायांभोवती गुंडाळून पानाजवळ बसली आणि त्यांच्याबरोबर आकाशाकडे बघायला लागली.